मोबाइलातल्या दाराची कडी

६ जानेवारी, सोमवार

मेलं नाही अजून!

कणीक मळायच्या आधी पाहिलं. हात पुसले, मोबाइल घेतला, अनुपचं ते पान उघडलं. दार तसंच. आमच्याच घराचं दार — हिरवं, खालून पोपडे निघालेलं, अन ती ढिली कडी. बोटानं कडी दाबली. खडक्-खडक्. वाजली म्हणजे जिवंत! मोबाइल ओट्यावर आपटावा वाटला.

आमचे हे आत दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस, तसेच दार उघडायला गेले. बाहेर कुत्रंही नाही.

‘अवं जाई, कडी वाजली ना?’

‘तुमच्या पोराची वाजली. मोबाइलात.’

रोज फसतात! एसटीच्या डेपोत जन्म गेला, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत होते म्हणे. अन घरच्या कडीत अन मोबाइलच्या कडीत फरक कळत नाही. कळणार तरी कसा? कडी तीच आहे. नवी लावा, नवी लावा म्हणून मी किती वर्षं झाली मागे लागली आहे. हे म्हणतात, ‘पाहू.’ तिकडे पोरगा तीच ढिली कडी साऱ्या जगाला ऐकवून राहिला!

७ जानेवारी

जिवंत.

८ जानेवारी, बुधवार

जिवंत. खाली गावांची नावं येतात ते आज नीट पाहिलं. आधी दिसत नाहीत. कडी वाजवली की मग खाली उमटते, आज कोणत्या कोणत्या गावातून कडी वाजली. माणसाचं नाव नाही, नुसतं गाव. आज होतं — पुणे, अकोला, अमरावती, लिस्बन.

‘हे लिस्बन कुठी आहे वो?’

‘परदेशात असंन.’

तिथल्या माणसाला सकाळी काही कामधंदा नाही का?

९ जानेवारी, गुरुवार

घरात बोललं की भांडण होते, म्हणून इथं लिहिते. ही डायरी विमावाल्यानं फुकट दिली होती. पडून होती.

झालं काय ते एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे डोकं तरी रिकामं होईल.

मी चौथी शिकली. डबे करून अनुपला इंजिनेर केला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्यासमोर बसवून पाढे घेतले — मला येत नव्हते तरी घेतले, पुस्तक हातात धरून. पोराला पुण्याला कंपनीत नोकरी लागली. मी गल्लीत पेढे वाटले. अन दिवाळीत घरी येऊन सांगतो, नोकरी सोडली! म्हणे इंटरनेट आर्ट करतो.

‘ते काय असते?’

‘आई, चित्र कागदावर असते, मूर्ती दगडाची असते. तसं हे इंटरनेटचंच बनलेलं असते. तिथंच जन्मते, तिथंच राहते. काढून भिंतीवर टांगता येत नाही.’

‘अन ताटात वाढता येते काय?’

मग मी पण थांबली नाही. माझं तोंड सुरू झालं की थांबत नाही. म्हटलं, नोकरी लागल्याशिवाय या दाराची कडी वाजवू नको! आतून दार लावून घेतलं. तो बाहेर. थोड्या वेळानं कडी वाजली. खडक्-खडक्. परत वाजली. मला वाटलं, गयावया करून राहिला. उघडलं नाही. खिडकीतून पाहिलं तर हा शहाणा मोबाइल कडीजवळ धरून आवाज भरून घेत होता! मग बॅग उचलली अन पुण्याला परत गेला.

डिसेंबरात यांच्या मोबाइलवर ते पान आलं, मग मी ते माझ्या मोबाइलात घेतलं. सोबत निरोप. ‘आईले सांगा, हे दार आहे. कोणीही येऊन कडी वाजवू शकते. मी सोडून. एक दिवस जरी पूर्ण असा गेला का कोणीच कडी नाही वाजवली, तर रात्री बारा वाजता दार आपोआप पुसून जाईल. कायमचं. दुसरी कॉपी नाही. त्या दिवशी मी मामाची नोकरी धरतो. शब्द.’

मामा म्हणजे माझा भाऊ, भगवंतभाऊ, नागपूरचा. त्यानं तिथल्या एका ऑफिसात अनुपसाठी बोलून ठेवलं आहे. तिथले साहेब फेब्रुवारीपर्यंत थांबतो म्हणाले.

मी म्हटलं, नुसत्या दाराची कडी कोण रिकामटेकडं वाजवणार? आठ दिवसांत मरते. तर नवीन साल लागलं, मरायला तयार नाही!

दिवाळीतल्या त्या दिवसापासून तो मला फोन करत नाही, मी त्याला करत नाही. त्याला रोज सकाळी गुलाबाचा फोटो पाठवत होती, तोही बंद केला.

१४ जानेवारी

माझ्याकडे डबा लावलेल्या पोट्ट्यांनी तिळगूळ आणून दिला. ‘काकू, गोड बोला.’ म्हटलं, वांग्याची भाजी परत पाठवली तर गोड बोलणार नाही.

दार जिवंत. गावं — अकोला, अमरावती. लिस्बनवाल्याला अक्कल आली.

१८ जानेवारी, शनिवार. अकोला

जाणार नाही म्हटलं होतं. गेली.

यांची बहीण नीलम अकोल्याला जठारपेठेत राहते, यांना तिथं बसवलं. तिची पायल कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिनं तिच्या सरांना सांगून अनुपचं भाषण ठेवलं. विषय बाहेर फळ्यावर लिहिला होता — इंटरनेट कलेचा इतिहास. हॉलमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली, पदर पुढे घेऊन. कोण ऐकायला येते ते पाहायचं होतं. पोरं हजेरीसाठी कोंबून आणलेली. एक तर उघड झोपला.

अनुप वाळला आहे. शर्ट तोच, मी घेतलेला.

पहिलं पान लावलं. पडद्यावर नुसती चुकीची अक्षरं, वाकड्या रेघा. पोरं ओरडली — ‘सर, नेट गेलं!’ हा हसला. ‘गेलं नाही. हे असंच बनवलं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नेट नवीन होतं, तेव्हा युरोपात काही लोकांनी मुद्दाम बिघडल्यासारखी पानं बनवली. लोक घाबरून कॉम्प्युटर बंद करत. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, का आपण यंत्राकडे पाहून राहिलो.’

मुद्दाम बिघडवलेलं! माझ्या घरी चांगला चालता मिक्सर खोलून बिघडवणारे आहेत एक. त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही.

मग पुढचं. फुकट पानं मिळायची, त्याचा जमाना. लोकांनी घरच्यासारखी सजवली. उघडझाप करणारी अक्षरं, फिरणारे दिवे, पळणाऱ्या ओळी. खाली आकडा — तुम्ही कितवे पाहुणे. अन एक पाहुण्यांची वही, तिच्यात परकी माणसं सही करून जात. अनुप म्हणाला, ‘काही विकायचं नव्हतं, काही काम नव्हतं. नुसतं सांगायचं होतं का मी आलतो.’ मग फुकट देणाऱ्या कंपनीनं दुकान बंद केलं. सारी पानं गेली, सह्या गेल्या. काही लोकांनी धावपळ करून उचलता आलं तेवढं उचलून ठेवलं. आग लागल्यावर घरातलं काढतात तसं.

मग हलती चित्रं. ती चालवायला एक वेगळी सोय लागत होती, ती एक दिवस सगळीकडून काढून टाकली. एका दिवसात हजारो चित्रं अंधारात! मग म्हणे चित्राचं नुसतं प्रमाणपत्र कोट्यवधीला विकायचा धंदा निघाला. इथं झोपलेला पोरगा उठला — ‘सर, आपण कसं विकायचं?’ मग तोही धंदा बसला. आता यंत्रच चित्र काढते, माणूस नुसता सांगते.

मी म्हटलं मनात, वा रे इतिहास. पान लावते — गेलं. दुसरं लावते — तेही गेलं. अर्धा इतिहास मसनवटीतला! असल्या कामासाठी पोरानं पुण्याची नोकरी सोडली.

अन मग काय लावावं पडद्यावर? माझा गुलाब! वाफेचा कप, गुलाब, वर ‘शुभ सकाळ’, चमचम चमचम. सारा हॉल हसला. माझे कान तापले. उठून पडदाच फाडावा वाटला.

‘हसा,’ तो म्हणाला. ‘तुमच्याही घरून येतात. आपल्याकडची सगळ्यात जास्त बनलेली इंटरनेट कला हीच आहे. हा मला माझ्या आईनं पाठवला. रोज येत होता. मी उघडून पण पाहत नव्हतो. एक दिवस बंद झाला तेव्हा कळलं, त्याच्यावर काय लिहिलं होतं. लिहिलं होतं — मी उठली.’

मला राग आला. घरच्या गोष्टी भर हॉलात काय सांगतो?

शेवटी स्वतःचं दार लावलं. नियम सांगितला. हॉलमध्ये एकानंही मोबाइल काढला नाही. चहा आला, सारे तिकडे पळाले. मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं.

बाहेर निंबाखाली गाठ पडली.

‘आली?’

‘नीलमकडे आली होती.’

‘जेवली काय?’

‘तू जेवला काय?’

‘हो.’

खोटं. मनगट पाहिलं ना मी.

‘कोण वाजवते रे तुह्या दाराची कडी?’

‘मले गाव दिसते फक्त. माणूस नाही दिसत.’

‘मरंन ते लवकरच.’

‘मरंन तर मरंन.’

अन गेला. सायंकाळच्या गाडीत यांना म्हटलं, पोरगा तुमच्यावर गेला, पटकन हार पण मानत नाही. हे म्हणाले, ‘माह्यावर?’ अन खिडकीबाहेर पाहत बसले.

१९ जानेवारी

अकोला पण गळालं! आज फक्त — अमरावती.

२३ जानेवारी, गुरुवार

चार दिवस झाले, एकटी अमरावती. पुणे नाही, अकोला नाही. जग थकलं. फक्त आमच्या गावात कोणी तरी बसलं आहे, पोराच्या मुळावर उठलेलं. मी कितीही लवकर पाहिलं तरी माझ्या आधी येऊन वाजवून गेलेलं असते!

आज यांना धरलंच.

‘खरं सांगा. तुमीच वाजवता ना?’

‘मी? मले ते पान उघडतच नाही. मी घरची कडी वाजली का दार उघडतो, एवढंच काम आहे माहं.’

‘लेकाची बाजू घेता तुमी.’

‘अवं, मी कोणाचीच बाजू घेत नाही. मी पेन्शनर माणूस.’

मोबाइल हिसकून पाहिला. यांच्या मोबाइलात नुसत्या जुन्या गाड्यांचे व्हिडिओ. मग कोण?

डब्याच्या पोट्ट्यांना विचारलं. ‘काकू, कसली कडी?’ खोटं बोलत असतील तर उद्यापासून पोळ्या जाड.

२५ जानेवारी

डोकं लावलं. आपल्या परिवाराचा ग्रुप आहे, सारे नातेवाईक त्यात. एकदाच सर्वांना ताकीद देऊन टाकते. शब्द जुळवायला दुपार गेली. लिहिलं —

‘सर्वांना कळवण्यात येते की खालील पान कोणीही उघडू नये. कडी वाजवू नये. अनुपच्या भविष्याचा प्रश्न आहे. आज्ञेवरून, जाईबाई.’

अन खाली ते पान जोडलं. कोणतं उघडायचं नाही ते कळलं पाहिजे ना!

२६ जानेवारी, रविवार

काय लिहू!

सकाळी कडी वाजवली अन खाली गावांची वरात. वरूड, बाळापूर, नागपूर, अकोला, मूर्तिजापूर, यवतमाळ, सुरत. सुरतला आमचं कोण आहे? ग्रुपवर हात जोडलेले, फुलं, अंगठे. नीलम लिहिते — ‘वैनी, लय गोड आवाज. तुमच्या घरी आल्यावाणी वाटलं.’ वरूडच्या माझ्या मावसबहिणीची, इंदूबाईची, नातवंडं सकाळपासून वाजवून राहिली, सोडत नाहीत म्हणे.

अन भगवंतभाऊ! ज्यानं नोकरी धरून ठेवली तो! त्याला फोन लावला.

‘भाऊ, तुमी पण?’

‘अवं जाई, मी नुसतं पाहिलं. अन वाजवल्याबिगर कसं समजन, कोणती कडी वाजवायची नाही थे?’

फोन ठेवून दिला. असे मोठे भाऊ!

हे आतून — ‘कडी वाजली का?’

‘नाही!!’

२८ जानेवारी

वरात सुरूच. सुरत रोज. आज कोणाशी बोलली नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

ओसरले सारे. लोकांना कोणत्याच गोष्टीचा आठ दिवसांवर दम नसतो. कधी नव्हे ते बरं झालं.

आज परत — अमरावती. एकटी.

हा कोण आहे अमरावतीचा? दिसला पाहिजे एकदा. चपलेनं नाही, लाटण्यानं मारीन.

२ फेब्रुवारी, रविवार

काल पायल आली. अमरावतीला तिचा पेपर आहे, दोन दिवस इथंच. पोरगी कामाची आहे, न सांगता कांदे चिरायला बसली.

आज सकाळी मी नेहमीसारखा मोबाइल घेतला. पान उघडलं. कडी दाबली, खडक्-खडक्. आतून हे, ‘आलो आलो!’ खाली उमटलं — अमरावती. मी कपाळावर हात मारला. ‘पाह्य, आज पण माझ्या आधी!’

पायल पाहत होती. सुरी हातात तशीच.

‘मामी, तुमी रोज असंच करता?’

‘रोज. कणीक मळायच्या आधी. मेलं का जितं ते पाहाले.’

‘अन कडी पण वाजवता?’

‘वाजवल्याशिवाय कसं समजन? वाजली म्हणजे जितं.’

ती खालीच बसली. आधी मला वाटलं कांद्यानं रडून राहिली. हसत होती! पोट धरून.

‘अवं मामी! मग मरंन कसं ते? ती अमरावती तुमीच तर आहे!’

मोबाइल हातातच. हे दारापाशी उभे, फेसाचं तोंड. त्यांना पण कळलं अन ते पण हसायला लागले. दोघं मिळून! घरात दुसरं कोणी शिल्लक नव्हतं हसायला, नाही तर तेही हसलं असतं.

म्हणजे दिवसाचा तो एक माणूस मीच. आंधळी! लिस्बनवाला सोडून गेला, सुरत सोडून गेली, मी एकटी उभी राहून रोज त्या दाराला पाणी घालून राहिली. मारायचं म्हणून जगवलं.

पायलला विचारलं, ‘तू तर नाही ना वाजवत?’

‘नाही मामी. दादाच्या भाषणानंतर वेळच नाही भेटला. पेपर आहेत.’

झालं तर मग. उद्यापासून हात लावणार नाही. एक दिवस. एकच दिवस पाहिजे.

३ फेब्रुवारी, सोमवार

मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकला, वरून झाकण.

पायल पेपर देऊन तिकडूनच अकोल्याला गेली. यांच्या डेपोतल्या सोबत्याकडे बाळापूरला लग्न आहे, हे पण गेले, परवा येतील. जाता जाता हातात पुडकं दिलं. नवी कडी! पितळी, जाड. ‘घे. किती वर्षं बोलून राहिली. आलो का लावतो.’ लावायचीच होती तर आधी काहून नाही लावली? आजच सुचलं! अन चार्जर भिंतीलाच लटकवून गेले. आता यांचा मोबाइल दुपारीच मरणार.

कणीक मळायच्या आधी हात आपोआप ओट्याच्या कोपऱ्यात गेला. तिथं मोबाइल नाही. मग मळली. पाणी जास्त पडलं, सैल झाली.

घर चूप आहे. कोणी उगाच दार उघडायला धावत नाही. दिवसभर सालं काही तरी राहून गेल्यासारखं.

डबे गेले. एक पोट्टा म्हणाला, ‘काकू, आज मीठ नाही.’

मोबाइल काढला नाही. मी बोलली ते करते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता पाहायला हरकत नव्हती. बारा वाजून गेले, पूर्ण दिवस कोरा गेला असेल तर खेळ संपला. तांदळातून मोबाइल काढला, पुसला, पान उघडलं.

दार नाही.

पांढरं. नुसतं पांढरं. सापडत नाही, चुकलं, गेलं, असं काही लिहिलेलं पण नाही. जिथं कडी होती तिथं बोट लावलं. परत लावलं. कुठं काही वाजलं नाही.

जिंकली मी!

भगवंतभाऊला फोन करायचा होता. करते दुपारून, म्हटलं. डब्यांची घाई होती. वरण लागलं. भांडं घासता घासता ध्यानात आलं, अनुपनं दाखवलेल्या त्या साऱ्या पानांसारखंच झालं हे. दार गेलं, अन मी एकटीनं पाहिलं ते. इतिहासात कोणी लिहिणार पण नाही का अमरावतीच्या एका बाईनं मारलं.

मारलं काय? नियम त्याचाच होता. मी फक्त पाहिलं नाही.

दुपारी मोबाइल वाजला. अनुप! दिवाळीनंतर पहिल्यांदा. हातात धरून पाहत राहिली, उचलला नाही. हरला म्हणून फोन करतो काय? जगत होतं तेव्हा नाही केला! परत वाजला. परत नाही उचलला. मग वाजतच राहिला. मी उलटा करून ठेवला. थोडं कळू दे त्यालाही, वाट पाहणं काय असते. उद्या सकाळी उचलीन.

सायंकाळी भगवंतभाऊला पण नाही केला. डोकं दुखत होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कणीक मळत होती. कडी वाजली. खडक्-खडक्.

मोबाइल पाहिला. काळा. दार तर मेलं होतं! परत वाजली. कणकेचे हात तसेच, उठली, उघडलं.

अनुप. पुण्याहून रात्रभर बसनं. शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या.

‘तू आहे ना?’

‘कुठी जाईन?’

‘कडी नाही वाजली, आई. बाबाचा फोन बंद, तू उचलत नाही... रोज सकाळी अमरावती उमटली का मी चहा ठेवत होतो.’ मग दाराची चौकट धरून म्हणाला, ‘तू जिंकली. मामाले सांग, येतो.’

‘मामाले काय सांगायचं ते मी पाहीन. ते दार परत कर आधी.’

‘ते नाही होत परत. मेलं ते मेलं.’

‘तर दुसरं कर.’

चहा ठेवला. पितळी कडी पुडक्यातच आहे. हे बाळापूरहून आले का दुकानात परत करायला लावणार.